पडद्यावरची गोरी राणी आणि आमच्या काळ्या लेकी

आमच्या शाळेचें स्नेहसंमेलन तोंडावर आलें आहे. मुलांचें एक लहानसें नाटक बसविण्याचें ठरलें. त्यांत एक राणी आहे आणि एक मोलकरीण आहे. राणीला लांबलांब भाषणें, मोलकरणीला चार वाक्यें. सातवीच्या वर्गांत लोहाराची एक मुलगी आहे. धडा एकदां ऐकला कीं दुसऱ्या दिवशीं ती घडाघडा म्हणून दाखविते. आवाज असा खणखणीत कीं चावडीपर्यंत ऐकूं जावा. शिक्षकांच्या बैठकींत राणीसाठीं तिचें नांव निघालें, तोंच एक गृहस्थ म्हणाले, "ती मोलकरीण शोभेल. राणीला जरा उजळ मुलगी घेऊं." बोलणारे गृहस्थ मनाचे वाईट नाहींत, आमच्याच शेतकरी समाजांतले आहेत. कोणीं हरकत घेतली नाहीं. प्रस्तुत लेखक त्या बैठकींत हजर होता आणि तोही मुकाट्यानें मान हलवून उठला.

दुसऱ्या दिवशीं मुलीची आई भात्यावरचें काम टाकून शाळेंत आली. तिनें भांडण केलें नाहीं. "गुरुजी, राणी काय दुधानं आंघूळ करती व्हय? आन् मोलकरणीचं काम माझ्या पोरीनं नाटकांत बी करायचं?" एवढेंच विचारून ती उत्तराची वाट न पाहतां निघून गेली. वीस वर्षें मुलांना उत्तरें शिकविणाऱ्या मला तिच्यासाठीं एक वाक्य सुचेना. तेव्हांपासून हा प्रश्न डोक्यांत घोळत आहे, म्हणून तो वाचकांपुढें मांडीत आहे.

राणी गोरीच असते हें आम्हांला शिकविलें कोणीं? आमचीं घरें पिढ्यान् पिढ्या ज्या विठोबाकडे पायीं जातात तो काळाकुळकुळीत. कृष्णाच्या नांवाचा अर्थच काळा. द्रौपदी काळी म्हणून तिला कृष्णा म्हणत, आणि तिच्या रूपासाठीं देशोदेशींचे राजे गोळा झाले असें कथेकरी बुवाच सांगतात. गोरेपणाचा गर्व देशांत पूर्वीं नव्हता असें मात्र मी म्हणणार नाहीं. उंच जातीची बढाई मारणाऱ्यांनीं रंगाचीही बढाई मारली, आणि गोऱ्या साहेबाच्या राज्यांत ती वाढली. पण हा गर्व पूर्वीं वाड्यापुरता होता. तो मांगवाड्यापासून धनगराच्या पालापर्यंत, रोज रात्रीं, गाण्याबजावण्यासह कोणीं पोंचविला, तर सिनेमानें.

सिनेमाचा आरंभ पाहा. दादासाहेब फाळक्यांनीं इ. स. १९१३ सालीं 'राजा हरिश्चंद्र' काढला तेव्हां तारामतीच्या कामाला बाई मिळेना. अखेर मुंबईस ग्रँट रोडवरील एका खानावळींत काम करणारे अण्णा साळुंके यांना लुगडें नेसवून उभें केलें. हेच साळुंके पुढें 'लंकादहन' मध्यें राम झाले व सीताही झाले. १९१३ सालींच 'मोहिनी भस्मासुर' मध्यें दुर्गाबाई कामत आणि त्यांची लेक कमलाबाई यांनीं धाडस केलें. पण तो अपवाद. अब्रूच्या नांवाखालीं घरंदाज म्हणविणाऱ्यांनीं दारें लावून घेतलीं आणि त्या मोकळ्या जागीं अँग्लो-इंडियन व ज्यू मुली आल्या. कलकत्त्याची पेशन्स कूपर. सीतादेवी या नांवानें गाजलेली रेनी स्मिथ. पुण्यांत जन्मलेली, टेलिफोनवर काम करणारी रूबी मायर्स, जिला लोक सुलोचना म्हणून ओळखूं लागले. या मुलींना दोष देणें अन्यायाचें होईल. त्यांनीं हिंमत केली, कष्ट केले, शिव्याही खाल्ल्या. पण झालें असें कीं, ज्या नायिका लोकांनीं प्रथम डोळे भरून पाहिल्या त्या गोऱ्या निघाल्या. त्या तशा निघाल्या हा परिस्थितीचा योग होता. धंदेवाल्यांनीं त्याचा नियम करून टाकला.

त्यांत फिल्मची एक खोड होती, तीही सांगितली पाहिजे. त्या काळची फिल्म तांबडा रंग ओळखीत नसे. निळें तिला पांढुरकें दिसे व तांबडें काळें. आमच्या कातडीला तांबूस तपकिरी झांक असते, म्हणून सांवळा माणूस आहे त्याहून काळवंडलेला उमटे. यावर तोड म्हणून नटनटींच्या तोंडावर फिकट रंगाचे लेप चढवीत. १९३० सालच्या आगेमागें सर्व रंग ओळखणारी फिल्म सर्रास वापरांत आली. खोड निघाली, लेप राहिला.

आतां एक हकीकत ऐका. ती ऐकल्यावर रंगाच्या आड काय दडलें आहे तें कळेल. त्रावणकोरांत जे. सी. डॅनियल नांवाच्या गृहस्थानें मलयाळी भाषिकांचा पहिला चित्रपट 'विगतकुमारन' काढला. १९३० च्या सुमाराची गोष्ट. नायिकेच्या कामाला त्यांनीं पी. के. रोझी या मुलीस घेतलें. ती पुलया जातीची, म्हणजे तेथें अस्पृश्य मानलेल्या शेतमजूर जातीची. गवत कापून पोट भरावें आणि लोकनाट्यांत काम करावें, हें तिचें जिणें. चित्रपटांत तिला काम दिलें तें नायर घराण्यांतील स्त्रीचें. खेळ त्रिवेंद्रमला लागला. हलक्या मानलेल्या जातीची मुलगी वरच्या जातीची बाई होऊन पडद्यावर वावरते हें पाहून प्रेक्षकांतले उच्चवर्णीय खवळले. त्यांनीं पडद्यावर धोंडे मारले. पुढें तिच्या घराला आग लावली. ती मुलगी जीव मुठींत धरून तामिळ मुलखांत निघून गेली, आणि पुन्हां तिनें सिनेमांत पाऊल टाकलें नाहीं. त्या चित्रपटाची एकही प्रत आज उरलेली नाहीं. केरळांत तिचें नांव लोकांनीं पुन्हां शोधून काढलें तें कितीतरी दशकांनीं.

वाचकहो, हे धोंडे कशाला मारले? तिचा अभिनय वाईट होता म्हणून नव्हे. मजूर बाईचें काम तिनें केलें असतें तर एक खडाही पडला नसता. हलक्या मानलेल्या घरच्या मुलीनें मालकिणीची जागा घेतली, म्हणून. आमच्या शाळेच्या बैठकींत धोंडे नव्हते, चहा होता. पण निकाल तोच लागला. लोहाराची लेक मोलकरीण शोभते.

पुढें हिंदी सिनेमानें हीच वांटणी पक्की केली. सांवळ्या बाईला काम द्यावयाचें तर झोपडींत. आमच्या स्मिता पाटील यांचेंच पाहा. मुंबई दूरदर्शनवर मराठी बातम्या सांगणारी ही सांवळी मुलगी सिनेमांत गेली. 'भूमिका' आणि 'चक्र' या दोन चित्रपटांसाठीं तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. १९८६ सालीं ती अकालीं गेली. तिच्या डोळ्यांतली धग ज्यांनीं पाहिली आहे त्यांना तिचा रंग उणा वाटला नाहीं. तरी तिच्या गाजलेल्या भूमिकांत गरीब, राबणाऱ्या, झोपडपट्टींतल्या बायका किती आहेत हें मोजून पाहावें.

आणि आतां तर झोपडींतल्या कामालाही सांवळें माणूस नको झालें आहे. गोरा नट घ्यावयाचा आणि त्याच्या तोंडाला काळें फांसावयाचें, अशी नवी युक्ति निघाली. २०१९ सालच्या 'सुपर ३०' मध्यें पाटण्याच्या शिक्षकाचें काम हृतिक रोशनकडून करविलें, तें रंग गडद करून. त्याच वर्षींच्या 'बाला' ची गंमत तर याहून मोठी. रंगावरून माणसाला हिणवूं नये असा उपदेश करणारा हा चित्रपट. पण त्यांतल्या काळ्या मुलीच्या कामासाठीं भूमि पेडणेकर या उजळ नटीचें तोंड रंगविलें! उपदेश काळ्या मुलीचा आणि पगार गोरीला. मणिपूरच्या मेरी कोमवर २०१४ सालीं चित्रपट निघाला, तर तिचें काम प्रियांका चोप्रा यांना मिळालें. ईशान्येकडील मुलगी जगांत मुष्टियुद्ध जिंकूं शकते, पण स्वतःच्या राज्यांतल्या बाईची गोष्ट पडद्यावर तिच्यासारख्या तोंडवळ्याच्या मुलीनें सांगूं नये, असा हा न्याय आहे.

पुरुषाला थोडी सवलत आहे. रजनीकांत हे मूळचे शिवाजीराव गायकवाड, बंगळूरच्या मराठी घरांत जन्मलेले, बसचे कंडक्टर. वर्ण काळा, तरी तामिळ लोकांनीं त्यांना डोक्यावर घेतलें; ही त्या लोकांची थोरवीच. पण त्यांच्यापुढें नायिका उभी राहते ती बहुधा गोरी, पुष्कळदां दूरच्या मुलखांतून आणलेली. २००७ च्या 'शिवाजी' चित्रपटांत तर नायक गोरें होण्याच्या नाना खटपटी करतो, आणि एका गाण्यांत संगणकाच्या करामतीनें एका गोऱ्या बाईच्या कातडीचा रंग त्यांच्या अंगावर चढविला आहे. विनोदासाठीं केलें म्हणतात. हसूं येतेंही. पण काळ्या नवऱ्याचा विनोद होतो आणि काळ्या नवरीचें लग्न मोडतें, एवढा फरक ध्यानांत ठेवावा.

निर्माते म्हणतात, आम्ही काय करावें, लोकांना गोरेंच आवडतें, तिकिटें त्यावर खपतात. हें म्हणणें खोटें पाडायला फार लांब जावें लागत नाहीं. करमाळा तालुक्यांतल्या नागराज मंजुळे यांनीं २०१६ सालीं 'सैराट' काढला. नायिका अकलूजची रिंकू राजगुरू, शाळेंत शिकणारी सांवळी पोर, नायकही नवखा. आणि ही सांवळी मुलगी कोण दाखविली? पाटलाची लेक! ट्रॅक्टर चालविणारी, बुलेटवर बसणारी. तोपर्यंत कोणत्याही मराठी चित्रपटानें केला नव्हता एवढा धंदा त्यानें केला. आमच्या बाजाराच्या गांवीं लोक ट्रॉल्या भरून आले होते. एकानेंही विचारलें नाहीं कीं पाटलाची पोर गोरी कां नाहीं. आमच्या गांवोगांवच्या पाटलांच्या पोरी उन्हातान्हांत वावरतात, त्या कशा असतात हें लोकांना ठाऊक होतें. पुढें २०१८ सालीं हिंदींत त्याचा 'धडक' झाला. गोष्ट उदयपूरच्या महालांकडे गेली, नायिका मुंबईच्या सिनेमावाल्यांच्या घरची गोरी मुलगी झाली, आणि ज्या जातीच्या भिंतीवर मूळ गोष्ट आपटून फुटते ती भिंतच पुसट करून टाकली. रंग बदलतांना जातही झांकली गेली, हा योगायोग नाहीं.

पण सगळा दोष मुंबईवाल्यांच्या माथीं मारून आपण मोकळे होऊं नये. स्थळ पाहायला जातांना "रंगानें कशी आहे?" हा पहिला प्रश्न आपणच विचारतों. गोरीला हुंडा कमी आणि काळीला जास्त, हा दर कोणत्या निर्मात्यानें ठरविला? फोटोवाल्याला "जरा उजळ करा हो" असें सांगणारे आम्हीच. 'फेअर अँड लव्हली' हें मलम १९७५ पासून घरोघर शिरलें. २०२० सालीं कंपनीनें नांवांतला गोरेपणाचा शब्द काढून तेथें तजेल्याचा घातला. पाटी बदलली, गिऱ्हाईक तेंच आहे. याहून भयंकर माल आठवड्याच्या बाजारांत मिळतो: बिनछापाच्या डब्या, आंत काय तें विकणाराही जाणत नाहीं. कित्येकांत पारा असतो, कित्येकांत स्टेरॉईड. स्टेरॉईडनें चार दिवस तोंड उजळतें, मग कातडी पातळ होऊन लाल पडते आणि मुलीच्या गालावर लव वाढते. पारा मूत्रपिंडावर जातो. केरळांत कोट्टक्कल येथील एका इस्पितळांत २०२१ ते २०२३ या काळांत मूत्रपिंडाच्या एका विकाराचे २२ रोगी तपासले. त्यांपैकीं १५ जणांत त्या विकाराचा एक विशेष प्रकार आढळला, आणि त्या १५ पैकीं १३ जणांनीं गोरें होण्याचें मलम लावल्याचें सांगितलें. बैल आजारी पडला तर आपण वैद्य गांठतों, आणि लेकीच्या तोंडाला लावायचें औषध बाजारांतल्या गोणपाटावरून उचलतों!

लोहाराच्या मुलीकडे परवां तालमीच्या वेळीं पाहिलें. तोंडावर पावडरीचा जाड थर, मानेखालीं आपला रंग तसाच. घामानें कपाळावर ओघळ आले होते. मी तिला तोंड धुऊन यायला सांगितलें, आणि ती आल्यावर राणीचें पहिलें भाषण म्हणायला लावलें. तिनें तें सगळें म्हटलें, एक शब्द न अडखळतां; नंतर मोलकरणीचीं चार वाक्येंही म्हणून दाखविलीं, कारण तींही तिला पाठ होतीं. राणीचें काम आतां तिच्याकडे दिलें आहे. ज्या मुलीकडून तें काढलें तिचे वडील रागावले आहेत, आणि त्यांचा राग अगदींच अस्थानीं आहे असें मी म्हणत नाहीं. त्या मुलीचा यांत कांहींच अपराध नाहीं; तिला आम्हीच आधीं राणी केलें होतें, आणि तेंही तिच्या गुणासाठीं नव्हे. हेडमास्तरांकडे तक्रार गेली आहे. शनिवारीं सायंकाळीं शाळेंत पालकांची सभा बोलाविली आहे. त्या बैठकींत मीं तोंड कां उघडलें नाहीं हें मला तेथें सर्वांसमोर सांगावयाचें आहे. लोहाराच्या घरीं निरोप धाडला आहे. भट्टी लवकर विझवून येतों असा त्यांचा जबाब आला आहे.