अर्थ पाठ करू नका, वाक्य लिहा

पुण्यातल्या सदाशिव पेठेतल्या किंवा एखाद्या तालुक्याच्या गावातल्या अभ्यासिकेत डोकावलं, की एक वही हमखास दिसते. पानाच्या मधोमध उभी रेघ, डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठी अर्थ. ॲबेट म्हणजे कमी होणे. मिटिगेट म्हणजे कमी करणे. कर्टेल म्हणजे कमी करणे. मुलं-मुली पहाटे उठून ही पानं घोकतात. त्यांच्या कष्टांची मला कदर आहे, म्हणूनच स्पष्ट सांगतो, की हे कष्ट बरेचसे वाया जातात. तीन शब्दांपुढे जवळजवळ एकच अर्थ लिहिला, तर लिहिताना किंवा बोलताना त्यातला एकही धड वापरता येत नाही. इंग्रजीत जोखीम आणि दुष्परिणाम मिटिगेट करतात, खर्च आणि अधिकार कर्टेल करतात, आणि वादळ किंवा पूर ॲबेट होतो. हा फरक उजव्या रकान्यात मावत नाही. तो वाक्यातूनच कळतो.

म्हणून माझं आवाहन असं आहे. बारावीपर्यंतचं साधं इंग्रजी ज्याला वाचता येतं, त्याने पुढचे अवघड शब्द इंग्रजी-इंग्रजी कोशातून शिकावेत. मात्र कोश निवडून घ्यावा. ज्यांची मातृभाषा इंग्रजी आहे त्यांच्यासाठी केलेला जाडजूड कोश नको. इंग्रजी परकी भाषा म्हणून शिकणाऱ्यांसाठी केलेला हवा, म्हणजे बऱ्याचदा ज्याच्या नावात ‘लर्नर्स’ हा शब्द असतो असा.

इथे बहुतेक जण बिचकतात. एक शब्द बघायला जावं आणि व्याख्येत आणखी तीन अडावेत, ही भीती खोटी नाही. पण ती दूर करण्यासाठी मोठी माणसं राबली आहेत, आणि त्यांतला एक जण आपल्याच उपखंडात, ढाक्यात शिकवत होता. मायकेल वेस्ट यांनी तिथल्या मुलांची अडचण जवळून पाहिली आणि १९३५ मध्ये असा कोश काढला, की त्यातल्या सगळ्या व्याख्या अवघ्या १४९० सोप्या शब्दांत बसवलेल्या होत्या. ए. एस. हॉर्नबी जपानमध्ये शिकवत होते. त्यांनी सहकाऱ्यांबरोबर केलेला कोश १९४२ साली टोकियोत निघाला आणि १९४८ साली ऑक्सफर्डने तो छापला. आज आपण ज्याला ऑक्सफर्ड ॲडव्हान्स्ड लर्नर्स म्हणतो, तो हाच. पुढे १९७८ मध्ये लाँगमनने सुमारे दोन हजार शब्दांत व्याख्या देणारा कोश आणला. १९८७ मध्ये बर्मिंगहॅमच्या जॉन सिंक्लेअर यांच्या देखरेखीखाली कोबिल्ड हा कोश तयार झाला. त्यात व्याख्याच पूर्ण वाक्यात असते आणि उदाहरणं प्रत्यक्ष वापरातल्या इंग्रजीतून घेतलेली असतात. यांतले बहुतेक कोश मोबाइलवर फुकट उघडतात, उच्चारही ऐकवतात.

आता एक शब्द नीट पाहू. ‘युबिक्विटस’. मराठी यादीत याचा अर्थ असतो ‘सर्वव्यापी’. सर्वव्यापी म्हटलं की आपल्या मनात परमेश्वर येतो, आणि मग विद्यार्थी देवावरच्या निबंधात हा शब्द घालून मोकळा होतो. लर्नर्स कोशातली व्याख्या काय सांगते? एखादी गोष्ट जिकडेतिकडे दिसते, अगदी नेहमीची झाली आहे, असं. खालच्या उदाहरणांत मोबाइल, जाहिराती, प्लास्टिकच्या पिशव्या असल्या वस्तू भेटतात. म्हणजे हा शब्द गाभाऱ्यातला नाही, रस्त्यावरचा आहे. एवढं उमगलं की आपलं वाक्य आपोआप सुचतं: ‘वडापाव स्टॉल्स आर युबिक्विटस इन मुंबई.’ असं वाक्य लिहिणारा विद्यार्थी तो शब्द सहसा विसरत नाही.

दुसरा, ‘डिटर’. यादीत ‘परावृत्त करणे’. अर्थ बरोबर आहे. पण पुढे काय लावायचं? टू की फ्रॉम? यादी गप्प बसते. कोशातल्या उदाहरणात दिसतं, की कुणाला तरी ‘फ्रॉम’ आणि पुढे ‘इंग’ लागलेलं क्रियापद: ‘द हाय फी डिटर्ड मेनी स्टुडंट्स फ्रॉम अप्लाइंग.’ हे एक वाक्य तोंडात बसलं, की व्याकरणाचा नियम वेगळा शिकावा लागत नाही. ‘डिस्कस’च्या पुढे ‘अबाउट’ लावण्याची चूक शिकलेली माणसंही सर्रास करतात, याचं कारणही हेच. अर्थ सगळ्यांना ठाऊक असतो, वाक्य कुणी निरखून वाचलेलं नसतं.

मराठी अर्थ वहीत येऊच नये, असं मात्र मी म्हणणार नाही. झाडं, प्राणी, आजार, अवजारं यांच्या बाबतीत व्याख्येत गुंतू नका. ‘ऑटर’ म्हणजे पाणमांजर, ‘जॉन्डिस’ म्हणजे कावीळ, विषय संपला. भाव, वृत्ती, कृती आणि मतं सांगणाऱ्या शब्दांना व्याख्या आणि वाक्य लागतंच.

रोज किती शब्द घ्यायचे? मी म्हणेन, पाचाच्या वर जाऊ नका. तेही यादीतून उचलू नका. वर्तमानपत्राचा अग्रलेख किंवा अभ्यासाचं पुस्तक वाचताना जो शब्द दुसऱ्यांदा आडवा आला, तो घ्या. आधी त्या वाक्यावरून अर्थाचा अंदाज बांधा, मग कोश उघडा. व्याख्या वाचा, उदाहरणं मोठ्याने वाचा. त्यानंतर वहीत शब्द, कोशातलं एक वाक्य आणि स्वतःच्या आयुष्यातलं एक वाक्य लिहा. आपली एसटी, आपली शेती, आपली हॉस्टेलची मेस, काहीही चालेल, पण वाक्य आपलं हवं. दुसऱ्या दिवशी, मग आठवड्याने, मग महिन्याने शब्द झाकून फक्त वाक्य वाचा आणि रिकामी जागा भरा. शिकलेलं किती झपाट्याने विसरलं जातं, हे जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउस यांनी १८८५ मध्येच स्वतःवर प्रयोग करून दाखवलं होतं. अंतराअंतराने आठवणं हाच त्यावरचा उपाय आहे. एका रात्रीत दोनशे शब्द वाचणं हा नाही.

परीक्षेला एवढा वेळ कुठे, असं कुणी म्हणेल. स्टाफ सिलेक्शनच्या पेपरात समानार्थी शब्द येतात, तसा उताऱ्यातल्या रिकाम्या जागा भरण्याचा प्रश्नही येतो. तिथे चारही पर्यायांचे अर्थ जवळजवळ सारखे असू शकतात. कोणता शब्द कुणाच्या शेजारी बसतो, हे ज्याने वाक्यांतून पाहिलं आहे, त्यालाच तो प्रश्न सुटतो. शिवाय परीक्षा संपल्यावर मुलाखत आहे, नोकरी आहे, अहवाल आहेत, ईमेल आहेत. तिथे पर्याय समोर नसतात.

शिक्षकांना आणि क्लास चालवणाऱ्यांना एक विनंती. शब्दांची चाचणी घेताना ‘अर्थ सांग’ हा प्रश्न बंद करा. ‘वाक्य सांग’ असं विचारा, आणि वाक्य चुकलं तर हसू न देता तिथल्या तिथे सुधारून द्या. पालकांनीही घरी तेच विचारावं. त्यासाठी स्वतःला इंग्रजी यावंच लागतं असं नाही. मुलीने कोशातलं वाक्य वाचून दाखवलं आणि तिचं स्वतःचं सांगितलं, तर ते ऐकून घ्यायला पाच मिनिटं पुरतात. तेवढी काढा.