पेनल्टीला डीत घुसणाऱ्यांना मोकळं सोडू नका!



कोल्हापुरात फुटबॉल वाढवला तो पेठांनी आणि तालमींनी. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, शिवाजी मंडळ या संघांच्या लढती बघायला शाहू स्टेडियमवर उचगावपासूनची पोरं जातात. तिथं जे चालतं, तेच ती गावच्या मैदानावर करतात. म्हणून हे पत्रक.

पेनल्टीची शिट्टी होते. मारणाऱ्याचा पाय चेंडूला लागण्याआधीच चार-पाच जण डीत, म्हणजे पेनल्टी क्षेत्रात, शिरलेले असतात. गोलकीपर चेंडू अडवतो, आधी घुसलेला गडी तोच परतलेला चेंडू जाळ्यात मारतो आणि गोल दिला जातो! नियम पाळून जो रेषेबाहेर थांबला, त्याच्या पदरात काय? हा उघड अन्याय आहे.

फुटबॉलचा नियम 14 स्वच्छ आहे. मारणारा आणि गोलकीपर सोडून सगळे डीबाहेर, चेंडूच्या मागे, पेनल्टी बिंदूपासून किमान 9.15 मीटरवर. डीसमोरचा चाप त्याचसाठी असतो. 2024-25 च्या बदलानुसार घुसखोरीचा खेळावर परिणाम झाला तरच शिक्षा. नुसता बूट रेषेवर पडला म्हणून किक पुन्हा नको. पण घुसलेल्याने परतलेल्या चेंडूवर गोल केला, तर गोल रद्द आणि समोरच्यांना इनडायरेक्ट फ्री किक. घुसलेल्या बचावपटूने परतलेल्या चेंडूवरची गोलची संधी हिरावली, तर किक पुन्हा. "दोन्हीकडचे घुसले, जाऊ द्या" ही सबब चालणार नाही; दोघांच्याही घुसखोरीचा परिणाम झाला, तर किक पुन्हाच.

"व्हीएआर नाही, पंच कुठं कुठं बघणार?" असं विचारलं जातं. पंच एकटा नसतो. गोलकीपरचे पाय आणि गोलरेषा सहाय्यक पंचाने बघावी, डीची रेषा मुख्य पंचाने. परतलेल्या चेंडूवर पहिला कोण आला आणि तो कुठून निघाला, एवढंच टिपायचं आहे.

आमच्या मागण्या :

1. सगळे बाहेर गेल्याशिवाय पंचांनी शिट्टी मारू नये.
2. पहिल्या मिनिटाला जो निर्णय, तोच शेवटच्या मिनिटाला. संघ कोणताही असो.
3. आयोजकांनी प्रत्येक सामन्याआधी फक्की मारताना बिंदू आणि चाप ठळक आखावा. पुसट रेषेवर न्याय होत नाही.
4. निर्णय विरोधात गेला म्हणून पंचांना घेराव घालणं बंद व्हावं.

आपल्या संघाचा गोल नियमाने रद्द झाला, तरी पंचांच्या पाठीशी उभे राहा. तेवढी हिंमत आपण दाखवली, तरच पंच शिट्टी मारायला कचरणार नाहीत.

— उचगावचे फुटबॉलप्रेमी
(ता. करवीर, जि. कोल्हापूर)