परक्याच्या ओसरीवर

नियतकालिकांच्या भवितव्याविषयीं जेथें जेथें चर्चा होते तेथें तेथें एक वाक्य हमखास ऐकावयास मिळतें. तें म्हणजे, "काळाबरोबर बदला, नाहीं तर बंद पडा." परिसंवादाचा अध्यक्ष हें सांगतो, जाहिरातींचा दलाल हें सांगतो, आणि ज्यानें गेल्या दहा वर्षांत एकाहि मासिकाची वर्गणी भरलेली नाहीं असा गृहस्थ तर हें फारच कळकळीनें सांगतो. या वाक्याशीं आमचें भांडण नाहीं. जो धंदा काळाकडे पाठ फिरवितो तो बुडतो, हें कळावयास अध्यक्ष कशाला पाहिजे? आमचें भांडण आहे तें त्या वाक्याच्या पोटांत जो अर्थ हल्लीं मुकाट्यानें भरला जातो त्याच्याशीं. बदलणें म्हणजे आपला मजकूर उचलून दुसऱ्याच्या ओसरीवर नेऊन मांडणें, तेथून येणाऱ्याजाणाऱ्यांचीं डोकीं मोजणें, आणि त्या बेरजेला 'आमचा वाचकवर्ग' म्हणणें, असा तो अर्थ आहे. गेल्या पंधरा वर्षांत आमच्या कित्येक पत्रांनीं व मासिकांनीं तोच शिरोधार्य मानला, आणि त्याचीं फळें आतां त्यांच्या पदरांत पडत आहेत.

मराठी पत्रकारितेला यंत्राचें वावडें होतें असें मात्र कोणी म्हणूं नये. बाळशास्त्री जांभेकरांनीं ६ जानेवारी १८३२ रोजीं 'दर्पण' काढलें तें मराठी व इंग्रजी अशा दोन स्तंभांत. एकाच पानावर दोन भाषा शेजारीं शेजारीं नांदविणें ही त्या काळीं लहान गोष्ट नव्हती. गणपत कृष्णाजींनीं मिशनऱ्यांच्या छापखान्याकडे पाहून शिळाछापाची विद्या उचलली आणि मुंबईंत स्वतःचा छापखाना उभा केला. जावजी दादाजी तर लहानपणीं अशाच एका छापखान्यांत टाइप घासण्याचें काम करीत. त्यांनीं पुढें १८६९ सालीं 'निर्णयसागर' काढला, आणि राणोजी रावजी आरू यांच्या कसबी हातांनीं देवनागरीला जें रूप आलें तें पाहून डोळे अजूनहि निवतात. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनीं १८९५ सालीं 'मनोरंजन' सुरू केलें व १९०९ सालीं, इंग्रजी पत्रांच्या नाताळ अंकांचा कित्ता समोर ठेवून, त्याचा दिवाळी अंक काढला. नक्कलच ती; पण अशी नक्कल कीं शंभर वर्षें उलटून गेलीं तरी महाराष्ट्राच्या दिवाळींतून ती हलावयास तयार नाहीं. 'किर्लोस्कर' मासिकाचा जन्म तर १९२० सालीं एका कारखान्याचें खबरपत्र म्हणून झाला. सारांश, बदलास हीं माणसें भ्यालीं नाहींत. आजचे उपदेशक ज्यांना जुन्या वळणाचीं म्हणतात तींच माणसें त्या त्या काळांत सर्वांच्या पुढें होतीं.

परंतु या सर्व उलाढालींत एक वस्तु त्यांनीं कोणाच्या हातीं दिली नाहीं. ती म्हणजे वर्गणीदारांची वही. नांव, गांव, पेठ, तालुका, वर्गणी कोणत्या अंकाबरोबर संपते, व्ही. पी. सोडवून घेतली कीं परत आली, हें सारें तींत असे. १८७७ सालीं टपालखात्यानें व्ही. पी.ची सोय केली तेव्हां पोस्टमननें अंक पोंचवावा आणि त्याच पोस्टमननें पैसे आणावे अशी वाट मासिकांना मोकळी झाली. ही वही सांभाळणें सुखाचें नव्हतें. जुन्या मासिकांचीं मलपृष्ठें चाळावीं म्हणजे "वर्गणीदारांस विनंती", "व्ही. पी. परत करून आमचें नुकसान करूं नये", अशा काकुळतीच्या सूचना जागोजाग भेटतील, थकबाकीदारांच्या नांवानें कडाकडा बोटें मोडणारे संपादकहि भेटतील. तरीहि ज्याच्यावर रागवावयाचें तो थकबाकीदार कोण व कोठें राहतो हें त्या संपादकास ठाऊक होतें. आणि टपालखातें कितीहि मोठें असो, तें अंक पोंचवी, पण कोणत्या वाचकाला कोणता लेख दिसावा व कोणता दिसूं नये हें ठरविण्याचा अधिकार त्यानें कधीं सांगितला नाहीं. आमच्या सगळ्या म्हणण्याचा कणा हा आहे. पोंचविणारा वेगळा आणि यजमान वेगळा. नव्या व्यवस्थेंत पोंचविणाराच यजमान होऊन बसला, आणि ज्याचा माल तो दारांत उभा राहिला.

हें कसें घडलें तें पाहण्यासारखें आहे. मे २०१५ मध्यें फेसबुकनें 'इन्स्टंट आर्टिकल्स' नांवाची सोय काढली. पत्राचा लेख पत्राच्या स्वतःच्या संकेतस्थळावर न जातां फेसबुकच्याच घरांत उघडावा, तो क्षणार्धांत उघडावा, आणि जाहिरातीच्या उत्पन्नांत पत्राला वांटा मिळावा, असा हा बेत होता. जगांतील नामांकित पत्रें त्यावर तुटून पडलीं. 'न्यूयॉर्क टाइम्स' व 'गार्डियन' या दोघांनींहि आरंभीं हा प्रयोग करून पाहिला, आणि दोघांनींहि २०१७ पर्यंत तो सोडला; त्यांना हिशेब येत होता. जीं मागें राहिलीं त्यांच्या पायांखालचा पाट फेसबुकनें एप्रिल २०२३ मध्यें ती सोयच बंद करून काढून घेतला. मधल्या काळांत चित्रफितींची सांथ आली. वाचणारा वर्ग संपला, आतां सर्व जग पाहणार, अशी दवंडी पिटली गेली. चित्रफीत सरासरी किती वेळ पाहिली जाते याचा आंकडा आपण दोन वर्षें फुगवून देत होतों, ही कबुली फेसबुकनें सप्टेंबर २०१६ मध्यें दिली. तरी २०१७ सालीं अमेरिकेंतील कित्येक प्रकाशनांनीं लेखक व संपादक कमी करून चित्रफितींचा कारखाना थाटला. जानेवारी २०१८ मध्यें फेसबुकनें जाहीर केलें कीं यापुढें आप्तेष्टांच्या व मित्रांच्या मजकुरास अग्रमान मिळेल, आणि बातम्या मागें गेल्या. कारखाने राहिले, प्रेक्षक गेले, लेखक तर आधींच गेले होते.

ज्यांना ही गोष्ट केवळ धंद्यांतील चढउताराची वाटते त्यांनीं ऑस्ट्रेलिया व कॅनडा या देशांकडे पाहावें. पत्रांच्या मजकुराबद्दल मोबदला द्या असा कायदा ऑस्ट्रेलियांत होऊं घातला, तेव्हां फेब्रुवारी २०२१ मध्यें फेसबुकनें त्या देशांतील बातम्यांचीं पानें एका दिवसांत बंद केलीं. त्या धांदलींत हवामानखात्याचें व आरोग्यखात्यांचीं पानेंहि झांकलीं गेलीं. कांहीं दिवसांनीं तडजोड झाली. कॅनडांत तसाच कायदा जून २०२३ मध्यें मंजूर होतांच त्या कंपनीनें ऑगस्टपासून बातम्या दाखविणेंच थांबविलें. कायदा बरा कीं वाईट हा वाद आम्ही येथें करीत नाहीं. पण एका खासगी कंपनीच्या मनांत येतांच एका अखंड राष्ट्राचीं वृत्तपत्रें वाचकांच्या दृष्टीआड होतात, यास 'काळाबरोबर चालणें' म्हणावयाचें असेल तर तें चालणें दोरीनें बांधलेल्याचें आहे.

आतां दुसरी ओसरी तयार झाली आहे. २०२४ पासून गूगलनें शोधाच्या उत्तराच्या माथ्यावर यंत्रानें रचलेला सारांश दाखविण्यास आरंभ केला. पूर्वीं वाचक प्रश्न विचारी व गूगल त्यास पत्राच्या दाराशीं नेऊन सोडी. आतां दाराशीं जाण्याचें कारणच कमी होत चाललें आहे. हें यंत्र शहाणें झालें तें पत्रांचा व पुस्तकांचा मजकूर गिळूनच. 'न्यूयॉर्क टाइम्स'नें डिसेंबर २०२३ मध्यें ओपनएआय व मायक्रोसॉफ्ट या कंपन्यांवर अमेरिकेंत दावा लावला, आणि नोव्हेंबर २०२४ मध्यें 'एएनआय' या वृत्तसंस्थेनें ओपनएआयविरुद्ध दिल्लीच्या उच्च न्यायालयाचें दार ठोठावलें. कज्जे चालतील, निकाल लागतील. पण ज्याच्याजवळ स्वतःचा वाचक नाहीं त्यानें कज्जा जिंकला तरी तो काय घेऊन घरीं जाणार?

मराठींत तर या परावलंबनाचें एक घरचेंच उदाहरण आहे, आणि त्याची जितकी वाच्यता व्हावयास पाहिजे तितकी होत नाहीं. शिशाचे खिळे व ते जुळविणारा जुळारी मागें पडून संगणकावरची अक्षरजुळणी आली, तेव्हां जो तो देवनागरी अक्षरांचा संच विके त्यानें तीं अक्षरें आपल्या सोयीनें इंग्रजी अक्षरांच्या जागीं बसविलीं. पडद्यावर 'क' दिसे, पण यंत्राच्या पोटांत तेथें भलतेंच रोमन अक्षर किंवा चिन्ह असे. एका संचांतला 'क' दुसऱ्या संचांत गेला कीं त्याचें काय होईल हें ब्रह्मदेवासहि सांगतां आलें नसतें. सर्व लिपींना एकच सामायिक क्रमांकपट देणाऱ्या युनिकोडची पहिली आवृत्ति १९९१ सालीं निघाली, आणि तींत देवनागरी होती. पुढें संगणकांनाहि ती समजूं लागली. तरी आमचे छापखाने, आमचे प्रकाशक व आमचे संपादक कित्येक वर्षें त्या जुन्या संचांस चिकटून राहिले; कारण छापील पान सुबक दिसत होतें, आणि पानापलीकडे पाहण्याची कोणास गरज वाटली नाहीं. कित्येक संकेतस्थळांवर तर "आधीं आमचा फाँट उतरवून घ्या, मग वाचा" अशी पाटी असे. घरीं आलेल्या पाहुण्यास आधीं चष्मा विकत आणावयास लावण्याचाच हा प्रकार!

परिणाम असा झाला आहे कीं 'विविधज्ञानविस्तारा'चा १८६७ सालचा अंक ग्रंथसंग्रहालयांत बसून आजहि वाचतां येतो. पण १९९९ सालीं संगणकावर जुळविलेल्या एखाद्या मासिकाचा मजकूर त्याच्याच कचेरींतील तबकडीवरून उघडावा तर पडद्यावर रोमन अक्षरांचा व चिन्हांचा चिवडा सांडतो. छापील प्रत कोणी जपून ठेवली असेल तरच तो अंक जगला. परिवर्तन करणाऱ्या युक्त्या आहेत, परंतु त्यांतून जोडाक्षरें फुटतात, रफार हरवतात, आणि प्रत्येक ओळ कोणी तरी पुन्हां तपासावी लागते. त्याचा खर्च कोणी करावा? शोधूं गेल्यास हा सारा मजकूर सांपडत नाहीं, आणि जें सांपडत नाहीं तें नव्या पिढीच्या दृष्टीनें लिहिलेंच गेलेलें नाहीं. म्हणजे ज्या काळांत आम्हीं आधुनिकतेचा अधिकांत अधिक गजर केला त्याच काळांतील मराठी गद्य आमच्या हातून निसटण्याच्या बेतांत आहे. जावजींनीं अक्षर आपल्या घरीं पाडून घेतलें होतें. आम्हीं तें भाड्यानें घेतलें, आणि भाडेपट्टा वाचलासुद्धां नाहीं.

यावर उत्तर येतें कीं, हें सर्व खरें असलें तरी मराठी वाचक पैसे देत नाहीं. 'न्यूयॉर्क टाइम्स'नें मार्च २०११ मध्यें आपल्या संकेतस्थळास वर्गणीचें फाटक बसविलें, तेव्हां तेंहि हास्यास्पद ठरविलें गेलें होतें. २०२३ सालीं त्याच्या वर्गणीदारांची संख्या १ कोटीच्या वर गेली. 'गार्डियन'नें फाटक न लावतां वाचकांपुढें झोळी धरली, आणि ती रिकामी राहिली नाहीं. हे धनाढ्य इंग्रजी जगाचे दाखले आहेत व ते आम्हांस जसेच्या तसे लागू पडत नाहींत, हें आम्ही आनंदानें मान्य करतों. पण ज्या भाषेंत दरवर्षीं शेंकडों दिवाळी अंक निघतात व मोल देऊन घेतले जातात, त्या भाषेचा वाचक पैसे देतच नाहीं हें कोणत्या तोंडानें म्हणावयाचें? तो दिवाळींत देतो आणि उरलेले अकरा महिने देत नाहीं, एवढेंच फार तर म्हणतां येईल. आणि त्याला उरलेले अकरा महिने कोणी व कोणत्या पत्त्यावर विचारलें, हाच तर आमचा प्रश्न आहे.

वाचकांसहि या प्रकरणांतून आम्ही सोडूं इच्छीत नाहीं. सुशिक्षित, खाऊनपिऊन सुखी अशा कुटुंबांतून अंकाची पीडीएफ व्हॉट्सॲपवर एकापासून दुसऱ्याकडे जाते, आणि ती पाठविणारा आपण साहित्यसेवा केली अशा समाधानानें झोंपी जातो. ज्या अंकाची किंमत चौघांच्या उपाहारगृहांतील न्याहारीएवढीहि नसते तो अंक फुकट मिळवून देण्यांत कसली आली सेवा? लेखकाचें मानधन, मुद्रितें तपासणाऱ्याचा पगार, कागद, टपाल हीं सारीं यांतूनच निघावयाचीं असतात.

उलट पक्षाबद्दल फार लिहीत नाहीं. कागदाचा वास, पान उलटण्याचा आवाज, यांवर जे हळवे लेख लिहितात त्यांचे ते लेखहि मोबाईलवरच वाचले जातात. 'सत्यकथा' १९८२ सालीं बंद पडली तेव्हां मोबाईल नव्हता व फेसबुकहि नव्हतें. कागदानें तिला वांचविलें नाहीं. संकेतस्थळ काढणें, ध्वनिमुद्रित वाचन देणें, टपालाऐवजीं ई-मेलनें अंक धाडणें, जुने अंक युनिकोडांत आणून खुले करणें, हीं सर्व करण्याजोगीं कामें आहेत, व कांहीं संस्था तीं करीतहि आहेत. १९४८ पासून चाललेल्या 'साधने'नें आपले जुने अंक स्वतःच्याच संकेतस्थळावर वाचकांपुढें ठेवले, हें आम्हांस शंभर परिसंवादांहून मोलाचें वाटतें. फेसबुकवर पाटी लावण्यासहि आमची ना नाहीं. पाटी रस्त्यावर असावी, दुकान आपल्या जागेंत असावें.

एप्रिल २०२० मध्यें महासांथीमुळें मुंबई व पुणें येथें वृत्तपत्रें घरोघर टाकण्यास बंदी झाली होती. त्या दिवसांत कोणत्या पत्राच्या हातीं आपल्या वाचकाचा पत्ता होता व कोणाच्या हातीं केवळ विक्रेत्याचा हिशेब होता, हें ज्याचें त्यास कळून चुकलें. म्हणून मराठी मासिकांच्या चालकांस आमचें एक मागणें आहे. फेसबुक, व्हॉट्सॲप व गूगल हीं तिन्ही उद्यां सकाळीं आपणांस बंद झालीं, तर पुढचा अंक निघाल्याची वार्ता आपण किती माणसांस त्यांच्या नांवानें कळवूं शकाल, तो आंकडा काढावा, आणि 'इतक्या लाखांनीं पाहिलें' या ओळीच्या जागीं दर महिन्यास मुखपृष्ठाच्या आंतल्या बाजूस तो छापावा. पहिल्या महिन्यास तो लाजिरवाणा निघेल. तरी छापावा, जाहिरातदारांना सांगण्यापूर्वीं तो वर्गणीदारांना सांगावा, आणि त्याच पानावर वर्गणीचा दर व ती पाठविण्याचा पत्ता द्यावा.