नकार देऊ न शकणारी पात्रे

व्हिडिओ गेम हा आता केवळ नेमबाजीचा वा शर्यतीचा खेळ राहिलेला नाही. कादंबरीप्रमाणे त्यातही पात्रे असतात, त्यांना पूर्वायुष्य असते. आणि खेळाडू ज्या नायकाच्या वा नायिकेच्या रूपाने त्या जगात वावरतो, त्याच्याशी त्यांचे प्रेम जुळण्याची सोयही लेखकांनी करून ठेवलेली असते. मतभेद आहेत ते या सोयीविषयी. नायक स्त्री असो वा पुरुष, सर्व पात्रांनी त्याला अनुकूल व्हावे, की त्यांना स्वतःची आवडनिवड असावी?

कॅनडातील बायोवेअर कंपनीच्या 'ड्रॅगन एज २' या २०११ मधील खेळात अँडर्स, फेन्रिस, मेरिल व इझाबेला हे चार सहकारी नायकावर प्रेम करू शकतात. नायक स्त्री की पुरुष, याने फरक पडत नाही. समलिंगी खेळाडूंना पूर्वी अशी निवड क्वचितच मिळे. त्या दृष्टीने या समानतेतील न्याय मान्यच केला पाहिजे. परंतु याच मालिकेच्या २०१४ मधील 'इन्क्विझिशन' या भागात डोरियन हा केवळ पुरुषावरच प्रेम करतो. त्याचा हा स्वभाव रक्तजादूने पालटण्याचा घाट त्याच्या पित्याने घातला होता आणि त्यातूनच घराशी त्याचे बिनसले. नायिकेच्या आर्जवाने डोरियन बदलला असता, तर या कथेत अर्थच उरला नसता.

मात्र प्रत्येक पात्राची लैंगिक आवड ठरवून टाकली की प्रश्न सुटला, असे मानणे उथळपणाचे ठरेल. बेल्जियमच्या लॅरियन स्टुडिओजच्या 'बाल्डर्स गेट ३' (२०२३) मध्ये मुख्य सहकारी स्त्री-पुरुष भेद न करता नायकाशी प्रेम जुळवू शकतात. तरीही नायकाने निर्वासितांचा आसरा असलेल्या वनावर हल्ला करणाऱ्यांची बाजू घेतली, तर विल आणि कार्लाख त्याची साथ कायमची सोडतात. आवड खुली असूनही त्यांचा विवेक गहाण पडलेला नाही.

खरा दोष अन्यत्र आहे. २०१६ च्या 'स्टारड्यू व्हॅली' या शेतीच्या खेळात आठवड्यातून दोनदा मनाजोगती भेटवस्तू देत गेल्यास हृदयाची चिन्हे भरत जातात. आठ भरली की पुष्पगुच्छ द्यावा, दहा भरली आणि घर वाढवलेले असले की विवाहाची मागणी घालावी. हा हिशेब निरुपद्रवी आहे, दिवसभराच्या श्रमांनंतर तो सुखावहही वाटतो. परंतु हप्ते भरले की प्रेम पदरात पडलेच पाहिजे, ही समजूत त्यातून रुजू नये.

खेळाने जीवनाची हुबेहूब नक्कल करावी, असा आग्रह कोणी धरणार नाही. तथापि, ज्या पात्राला नकार देताच येत नाही, त्याच्या होकाराला मोल नसते. खेळाडूला अधिक पर्याय जरूर द्यावेत. पण ते देताना पात्रांचे स्वत्व हिरावले जाणार नाही, याचे भान लेखकांनी राखले पाहिजे.