साळखात्यात ओटा कुणाचा?

बंद गिरणी म्हटली की शहाण्यांना दोनच गोष्टी सुचतात. मॉल, नाहीतर म्युझियम. लोअर परळच्या फिनिक्स गिरणीची चिमणी अजून उभी आहे, पायथ्याशी मॉल. चिमणी हेरिटेज, कामगार भंगार! हा साला कुठला न्याय? मी म्हणतो, गिरणगावात उरल्यासुरल्या शेडमध्ये सार्वजनिक मंडई करा. भाजीवाली, मासेवाली, चपला शिवणारा, सगळ्यांना पक्का ओटा.

सोय तिथं आहेच. साळखात्याचं छप्पर करवतीच्या दात्यांसारखं. उत्तरेचा उजेड आत येतो, ऊन येत नाही. दिवसा बत्ती नको. पन्हळीचं पाणी टाकीत घ्या, ओटे धुवा. साहेबलोक यालाच 'शाश्वत' म्हणतात.

पण दोस्तांनो, या छपराखाली काय घडलं ते विसरून चालणार नाही. धोट्यात नवी कांडी घातली की सुताचं टोक तोंडानं ओढावं लागे. आपल्या थुंकीनं सवर्ण विणकर बाटणार, म्हणून साळखात्याचं दार आपल्याला बंद. जास्त पगार तिथं, आपण रिंगखात्यात. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा सवाल युनियनच्या पुढाऱ्यांपुढे ठेवला.

१९८२ च्या संपात अडीच लाख कामगार उतरले. त्यानंतर कित्येक गिरण्या धड उभ्याच राहिल्या नाहीत. १९९१ च्या नियमानं जमिनीचे तीन वाटे ठरले: पालिका, म्हाडा, मालक. २००१ साली नियम फिरवला. वाटे फक्त मोकळ्या जागेचे. इमारतीखालची जमीन मालकाच्या घशात.

म्हणून मंडईच्या आधी विचारायचं, ओटा कुणाला? २०१४ चा फेरीवाला कायदा समितीत ४० टक्के जागा फेरीवाल्यांना देतो, त्यात अनुसूचित जातींना प्रतिनिधित्व द्या म्हणतो. ते आम्हाला कागदावर नको, ओट्यावर पाहिजे.

आणि कचरा? ओल्या कचऱ्याचं खत होईल, झकास. पण उचलणार कोण? कंत्राटावरचा आपलाच भाऊ, ना हातमोजे ना रजा. मंडई शाश्वत आणि झाडूवाला हंगामी, हा धंदा चालणार नाही. त्याला पालिकेच्या कायम पटावर घ्या.

आजाला ज्या दारातून आत घेतलं नाही, तिथं नातीनं हक्कानं तराजू धरून बसलं पाहिजे. एवढं होत नसेल, तर त्या भिंती जपायच्या कुणासाठी?