विमा गाडीचा की माणसाचा?

मुंबई-अहमदाबाद महामार्गाला चिंचोटीपाशी कामण-भिवंडीचा रस्ता मिळतो. एकीकडे गुजरातची मालवाहतूक, दुसरीकडे भिवंडीच्या गोदामांकडे वळणारे अवजड ट्रक, आणि या दोहोंमधून जीव मुठीत धरून वाट काढणारी पायी माणसे, असा हा नाका आहे. आसपासच्या वस्त्यांतील तरुण अशाच रस्त्यांच्या काठी मोटार चालवायला शिकतात. त्यांतील कित्येकांना ही हौस नसते. पोटापाण्याचा तो एक मार्ग असतो. त्यांच्या शिकण्याला कोणाचाच विरोध असण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो त्या शिकण्यात घडणाऱ्या चुकीची किंमत कोणी मोजायची, हा.

कायद्याने याचे उत्तर फार पूर्वीच दिले आहे. १९३९ च्या मोटार वाहन कायद्यातील सक्तीच्या विम्याची तरतूद १ जुलै १९४६ पासून अमलात आली आणि १९८८ च्या कायद्याने ती कायम ठेवली. हा सक्तीचा विमा गाडीच्या पत्र्यासाठी नाही. गाडीखाली सापडणाऱ्या अनोळखी माणसासाठी आहे. म्हणूनच त्याचा हप्ता कंपनीच्या मर्जीवर सोडलेला नाही. जून २०२२ मध्ये लागू झालेल्या दरपत्रकात १००० सीसीपर्यंतच्या खासगी मोटारीस तो वर्षाला २,०९४ रुपये ठरला. चालवणारा अठरा वर्षांचा शिकाऊ असो की मुरलेला चालक, या दरात फरक पडत नाही. इंग्लंडात तरुण चालकाला त्याच्या वयापायी जबर हप्ता भरावा लागतो; आपल्याकडे हा धोका सर्वांनी मिळून वाटून घेतला आहे. समाजवादी विचाराला हे तत्त्व परके नाही.

मात्र या तत्त्वाभोवती दोन गैरसमज आहेत आणि दोन्ही सारखेच घातक आहेत. शिकाऊ परवान्यावर विमा लागूच होत नाही, हा पहिला. २००४ साली स्वर्णसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने शिकाऊ परवाना हाही परवानाच आहे, असा निर्वाळा देऊन तो खोडून काढला. विमा उतरवला की सारी चिंता मिटली, हा दुसरा. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील तिसरा नियम सांगतो की, शिकाऊ चालकाशेजारी पक्का परवाना असलेला शिक्षक बसला पाहिजे, त्याला गाडी आवरता वा थांबवता आली पाहिजे आणि गाडीच्या पुढेमागे पांढऱ्या पाटीवर तांबडे ‘एल’ अक्षर हवे. विमापत्रातही हीच अट घातलेली असते. ती मोडल्यास गाडीच्या नुकसानीची भरपाई कंपनी नाकारू शकते. जखमीला दिलेली रक्कम मालकाकडून वसूल करण्याची मुभाही न्यायाधिकरण तिला देऊ शकते. कर्ज काढून जुनी गाडी घेणाऱ्या कुटुंबाला ही वसुली म्हणजे घरादारावर जप्तीच.

जुन्या गाडीची गोष्ट आणखी निराळी. ती विकत घेताना त्रयस्थाचा चालू विमा नव्या मालकाकडे आपोआप येतो. पण विमापत्रावर नाव बदलण्यासाठी चौदा दिवसांत अर्ज करावा लागतो आणि गाडीच्या नुकसानीचा विमा तसा आपोआप येत नाही. विमाच संपलेला असेल, तर अपघातग्रस्ताच्या हाती न्यायालयाचा हुकूमनामा पडतो, पदरात दमडी पडत नाही. अशा बेपर्वाईला पहिल्या वेळी दंड मात्र दोन हजार रुपयांचा!

आमचे म्हणणे साधे आहे. शिकाऊ परवाना हाती देतानाच परिवहन कार्यालयाने त्याच्या अटी आणि विम्याशी असलेले त्यांचे नाते सुबोध मराठीत समजावून द्यावे. १९७३ साली राष्ट्रीयीकरणातून उभ्या राहिलेल्या चार विमा कंपन्यांनी तरी ज्याच्या हप्त्यावर त्या चालतात त्याला कळेल अशा भाषेत विमापत्र द्यावे. मोटार चालवण्याचे पहिले धडे महामार्गाच्या कडेला नव्हे, तर मोकळ्या मैदानावर गिरवता यावेत, अशी सोय वसई-विरार महानगरपालिकेने करावी.

मागण्या करून कार्यकर्त्यांचे काम संपत नाही. आपापल्या वस्तीत कोणाच्या गाडीचा विमा संपला आहे, कोणाचा सहा महिन्यांचा शिकाऊ परवाना उलटून गेला आहे, अठराच्या आतल्या कोणत्या मुलाच्या हाती बापाने चावी दिली आहे, हे शोधून घरोघर बोलले पाहिजे. नाका ओलांडणाऱ्या मजुराला विमापत्र वाचता येत नसेल. पण ते त्याच्याचसाठी आहे.