सूड घ्यायला मरावंच लागतं का?

पांढऱ्या साडीतली बाई, रात्रीची वेळ, गाडीला हात दाखवते... प्रत्येक घाटरस्त्याला ही गोष्ट चिकटलेलीच असते, मग आपला घोडबंदर रोड तरी अपवाद कसा असेल? कारण विचारा, उत्तरही ठरलेलं. नवऱ्यानं छळलं नाहीतर प्रियकरानं फसवलं, बिचारी मेली आणि आता सूड घेतेय!

कॉलेजच्या कथास्पर्धांमधल्या गोष्टी वाचा. निम्म्या गोष्टींत हेच. पहिली दोन पानं ती रडते, तिसऱ्या पानावर मरते आणि चौथ्या पानावर त्याचा गळा दाबते. माझा प्रश्न साधा आहे. जिवंत असताना तिला राग का येत नाही?

मला वाटतं, ह्याचं मूळ खूप जुनं आहे. बाळंतपणात मेलेली बाई हडळ होते असं आपल्याकडे मानतात. म्हणजे गंमत बघा, जी सून जिवंत असताना जेवली का हे कुणी विचारलं नाही, ती मेल्यावर मात्र तिच्यासाठी लिंबू, नारळ, भाताचा उतारा! जिवंत बाईच्या रागाला आपण 'तोंडाळपणा' म्हणतो. मेलेल्या बाईच्या रागाला घाबरतो.

जगातल्या चांगल्या कथांमध्ये मात्र बाई जिवंत असते. रोआल्ड डालची १९५३ची 'लँब टू द स्लॉटर' अनेकांनी वाचली असेल. गरोदर बायकोला नवरा शांतपणे सांगतो की मी तुला सोडतोय, पैसे देत जाईन. तो मारहाण करत नाही, ओरडत नाही. फक्त तिचं काय होईल ह्याचं त्याला काही वाटत नाही. ती फ्रीझरमधली मटणाची तंगडी त्याच्या डोक्यात घालते आणि तीच शिजवून तपासाला आलेल्या पोलिसांना वाढते! आपण हसतो, पण खरी भीती त्या नवऱ्याच्या शांतपणाची वाटायला हवी. असे पुरुष खलनायक नसतात, आपल्यातलेच असतात.

महाश्वेता देवींच्या 'द्रौपदी'त तर हत्यारच नाही. अत्याचारानंतर ती अंगावर कपडे घ्यायलाच नकार देते आणि तशीच सेनानायकासमोर उभी राहते. घाबरतो तो. आणि आपल्या उर्मिला पवारांच्या 'कवच'मधली आंबे विकणारी आई चावट बोलणाऱ्यांना जागच्या जागी उत्तर देते. सूड केवढासा, पण जिवंतपणी घेतलेला.

मराठीत हे सोपं नव्हतं. १९३३ साली 'कळ्यांचे निःश्वास' आलं तेव्हा त्यातल्या मुलींनी कुणाचाही खून केला नव्हता, फक्त मनातलं बोलल्या होत्या. तरी केवढं वादळ! लेखिकेला 'विभावरी शिरूरकर' ह्या टोपणनावामागे लपावं लागलं. खरं नाव बाळूताई खरे, पुढे मालती बेडेकर. म्हणजे लिहिणारीलाही एक प्रकारे भूतच व्हावं लागलं ना?

काही मित्र म्हणतात, अशा कथांमुळे हिंसेला उत्तेजन मिळतं. मला हे उलटं वाटतं. १३ ऑगस्ट २००४ला नागपूरच्या कस्तुरबा नगरातल्या बायकांच्या जमावानं अक्कू यादव ह्या गुंडाला भर कोर्टात ठार केलं. खटल्यातल्या आरोपींची २०१४ मध्ये सुटका झाली. त्या बायकांनी काही कथा वाचून हे केलं नव्हतं. आपलं कुणी ऐकत नाही अशी त्यांची तक्रार होती. तो न्याय होता असं मी म्हणणार नाही. पण जिथे तक्रार ऐकली जात नाही तिथे सूड जन्मतो, हे खरंच आहे. कथेतल्या सुडात निदान कुणाचा जीव जात नाही.

आणि आता पुन्हा घोडबंदर रोड. डिसेंबर २०२३ मध्ये ह्याच रस्त्यावर, ओवळ्याजवळ, प्रियकरानं आपल्याला गाडीखाली घातल्याचा आरोप एका तरुणीनं केला. तो आरोप खरा की खोटा ते कोर्ट ठरवेल. मला महत्त्वाचं वाटतं ते हे की जखमी अवस्थेत तिनं स्वतः सोशल मीडियावर लिहिलं. नावानिशी. मग बातम्या झाल्या, तपासाला विशेष पथक नेमलं गेलं, अटक झाली. ती लिफ्ट मागणारी पांढरी साडी झाली नाही. ती बोलली.

म्हणून लिहिणाऱ्या सगळ्यांना, मुलांनाही, एक विनंती. पुढच्या अंकासाठी सुडाची कथा जरूर लिहा. तिला चिडू दे, भांडू दे, दार आपटून जाऊ दे, कोर्टात जाऊ दे, मटणाची तंगडीसुद्धा चालेल. फक्त तिसऱ्या पानावर तिला मारू नका. बघूया तरी, जिवंत बाई चौथ्या पानावर काय करते!